काकू, तुम्ही कधी जेवणार?

[पडद्यावर अजून काही दिसत नाही. फक्त कुकरच्या शिट्ट्या. मग स्वयंपाकघर, सकाळची वेळ]

हा आवाज आहे ना, तो आम्ही रेकॉर्ड केलेला नाही, आमच्याकडे राहून गेलेल्या जर्मन मुलीने केलाय. घरी आईवडिलांना ऐकवायचा म्हणून आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या तिने फोनमध्ये घेऊन ठेवल्या होत्या आणि व्हिडिओ करतोय म्हटल्यावर तिनेच जर्मनीहून पाठवल्या.

जूनमध्ये ती पुण्यात आमच्याकडे राहायला आली, कोथरूडला, एक्स्चेंज प्रोग्रॅममधून, सहा आठवडे. वय १९. आली त्याच रात्री बाबा लॅपटॉप उघडून बसले, कारण परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं, पासपोर्ट, व्हिसा सगळी माहिती द्यावी लागते. तुमच्यापैकी कुणी घरी एक्स्चेंजचा विद्यार्थी ठेवायच्या विचारात असेल तर हे आधीच बघून ठेवा. तर बाबा फॉर्म भरतायत, आजी तिला खुणेने बस बस म्हणतेय, मी तिची बॅग आत नेतोय, आणि आई पोळ्या लाटतेय. हे शेवटचं लक्षात ठेवा.

[ताटाचा क्लोजअप]

पहिल्या दोन दिवसांत तिने आमच्या ताटाचं चक्क चित्र काढलं वहीत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. मध्ये वरणभाताची मूद, वर तूप. प्रत्येकाची जागा ठरलेली असते हे तिला फार आवडलं, आणि आजीलाही कुणीतरी विचारतंय याचा इतका आनंद की मीठ डावीकडे का इथपासून सगळं सांगून झालं. भाषा कुणालाच कुणाची कळत नव्हती तरी तासभर चाललं होतं.

अवघड गेलं ते 'नको'. त्यांच्याकडे नको म्हटलं की विषय संपला. आपल्याकडे पहिला नको कुणी धरतच नाही, दुसऱ्या नकोला अर्धी पोळी पडते, आणि खरंच पोट भरलं असेल तर ताटावर हात आडवा धरावा लागतो. हे तिला सांगायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती बिचारी पाच पोळ्या जेवली. मग मी हात आडवा धरून दाखवला.

बाकी गोष्टी पटापट जमल्या. बादली-तांब्याने अंघोळ, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता थोडा जोडलेला ठेवायचा म्हणजे तो तुकडा कचऱ्यात हरवत नाही, वहीला पाय लागला की नमस्कार करायचा. आईला ती आधी नावाने हाक मारायची, त्यांच्याकडे तशीच पद्धत असते, आईचं काहीच म्हणणं नव्हतं. पण शेजारची मुलं काकू म्हणतात हे ऐकून चार दिवसांत तीही काकू म्हणायला लागली, कुणी न सांगता.

आणि काकू म्हणायला लागली त्याच दिवशी रात्री जेवताना तिने विचारलं. पाठ करून आली होती, एकेक शब्द सुटा.

"काकू, तुम्ही कधी जेवणार?"

[थांबा. इथे संगीत नको]

आई तव्यापाशी उभी होती. म्हणाली, तुमचं होऊ दे गं, गरम गरम वाढते, मग बसते मी. हे वाक्य मी लहानपणापासून रोज ऐकतोय. इतकं रोज, की ऐकूच यायचं बंद झालेलं. बाबांनी तिला समजावून सांगायला घेतलं की आमच्याकडे अतिथी देवो भव म्हणतात, तैत्तिरीय उपनिषदातलं वचन आहे. तर आजी भात कालवता कालवता म्हणाली, "अरे पण त्याच्या आधी काय येतं तेही सांग की तिला." आणि ते खरंच आहे. त्या ओळीत पहिलं येतं मातृदेवो भव, मग पितृ, मग आचार्य, अतिथी सगळ्यात शेवटी.

त्या रात्री लगेच काही बदललं नाही, खोटं कशाला सांगू. मी पुढची पोळी घेतलीच. पण तो प्रश्न घरातून गेला नाही.

[फर्ग्युसन रस्ता. टाळ-मृदंग. तुळशी वृंदावन डोक्यावर घेतलेल्या बायका]

मग पालख्या आल्या. आळंदीहून ज्ञानोबांची, देहूहून तुकोबांची, दोन्ही एकाच दिवशी पुण्यात येतात आणि इथे मुक्काम करतात. माऊलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. आणि दिंड्या उतरतात आजूबाजूच्या वाड्यांत, शाळांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये. माझी मावशी नाना पेठेत राहते, तिच्या वाड्यात दरवर्षी वारकरी असतात, म्हणून आम्ही सगळे तिकडे गेलो.

इथलं दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. वाड्यात पिठलं-भाकरीची पंगत, आणि वाढायला पुरुष. बाबा, काका, गल्लीतली पोरं, सगळे वाकून वाकून वाढतायत, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपून देतंय. आई पंगतीत बसलीये, एका मराठवाड्याहून चालत आलेल्या आजींच्या शेजारी. त्या आजींनी आपल्या पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा आईला, अर्धा हिला दिला आणि हिला म्हणाल्या, "खा माऊली." त्यांच्या घरी आम्ही गेलेलो नव्हतो, त्या आमच्याकडे आलेल्या, तरी पाहुणचार त्या करत होत्या.

माऊली म्हणजे काय, तिने विचारलं. आई, मी म्हटलं. मग सगळ्यांनाच का म्हणतात, त्या दाढीवाल्या आजोबांनाही? वारीत सगळेच माऊली असतात, एवढंच मला सांगता आलं. घरी येताना बसमध्ये तिने वहीत दोन वाक्यं लिहिली, मला वाचून दाखवली. काका वाढू शकतात. काकू बसू शकतात.

बाहेरून येऊन महाराष्ट्राला असं नीट बघणारी माणसं आपल्याकडे झालीयेत आधीही. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन फलटणच्या झाल्या, तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली, जाई निंबकरांबरोबर परदेशी लोकांना मराठी शिकवायची पुस्तकं लिहिली. अमेरिकेतल्याच समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला सून म्हणून आल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. आमची मुलगी सहाच आठवड्यांची पाहुणी, तिची तुलना या मोठ्या माणसांशी नाही करत. पण घरात राहिल्याशिवाय असे प्रश्न पडत नाहीत, एवढं मात्र मला कळलं.

[संध्याकाळ. गॅसची शेगडी, बंद]

चौथ्या आठवड्यात तिने जाहीर केलं की शुक्रवारचं रात्रीचं जेवण ती करणार. त्यांच्याकडे संध्याकाळी बऱ्याच घरांत आबेंडब्रोट असतं, म्हणजे ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो, लोणचं, सगळं थंडच, टेबलावर मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने आपलं आपण घ्यायचं. गॅस लावायचाच नाही. आजीला काळजी, की हे जेवण की मधल्या वेळचं खाणं? ब्रेड कोथरूडच्या बेकरीतला होता, तिच्या घरच्यासारखा जाड काळा नव्हता, चीज आपलं अमूलचं, आणि लोणचं कैरीचं.

साडेसातला आई सवयीने उठली, ओट्यापर्यंत गेली आणि तिथे करायला काहीच नव्हतं. म्हणून परत येऊन बसली. सगळ्यांबरोबर, एकाच वेळी, पहिल्या घासापासून. आजीने ब्रेडवर कैरीचं लोणचं लावून खाल्लं आणि अजून एक मागितला.

हा शॉट हलतोय, कारण मी एका हाताने खात होतो.

जायच्या दिवशी आजीने तिच्या हातावर दही घातलं, आईने ओटी भरली, आणि ती दारात वळून बरोबर "येते" म्हणाली, "जाते" नाही. एअरपोर्टचं काही शूट केलेलं नाही, जमलंच नाही.

[शेवटचं दृश्य. शुक्रवार, ऑगस्ट]

हे बाबा. काकडी चिरतायत, जरा जाडच. आई बाहेर बसून आजीशी बोलतेय. शेगडीवर फक्त दुधाचं पातेलं आहे, झाकलेलं. आजीने तिथूनच ओरडून विचारलंय, लोणचं काढलंस का रे.