ऑस्टिन सेव्हन आणि मिनी

26 ऑगस्ट 1959 रोजी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने एक छोटी मोटार बाजारात आणली. कॉर्पोरेशनच्या मॉरिस या ब्रँडच्या विक्रेत्यांकडे ती 'मिनी मायनर' म्हणून मिळे, तर ऑस्टिन या ब्रँडच्या विक्रेत्यांकडे 'सेव्हन' म्हणून. हे दुसरे नाव जुन्या पुण्याईवर घेतलेले होते.

मूळ ऑस्टिन सेव्हन 1922 ची. बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज कारखान्याचे संस्थापक सर हर्बर्ट ऑस्टिन यांनी संचालक मंडळाचा विरोध असताना ती हट्टाने तयार करवून घेतली आणि तिची रेखाटने स्वतःच्या घरी, स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाकडून करवून घेतली. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून ठरत असे; दट्ट्या किती लांब सरकतो याचा त्यात विचारच नव्हता. साहजिकच सेव्हनचे सिलिंडर अरुंद आणि दट्ट्याची धाव लांब ठेवली गेली. बाकी मांडणी मात्र मोठ्या गाड्यांचीच होती: इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले, त्यामागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा. ब्रेक चारही चाकांना होते, पण सुरुवातीच्या गाड्यांत मागचे पायाने आणि पुढचे हाताने लावावे लागत. आजच्या चालकाला ही कसरत जमणे कठीणच.

मिनीच्या मुळाशी कर नव्हता, पेट्रोल होते. 1956 च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले आणि कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी अभियंते अलेक इसिगोनिस यांच्याकडे खऱ्या अर्थाने छोटी गाडी मागितली. इसिगोनिस यांनी इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या खाली, इंजिनच्याच तेलात ठेवला, ओढ पुढच्या चाकांना दिली आणि चाके केवळ 10 इंचांची घेतली. पोलादी स्प्रिंगांऐवजी अभियंते अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू आले. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर सेव्हनमध्ये 6 फूट 3 इंच होते, मिनीत ते सुमारे 6 फूट 8 इंच झाले; तरीही 10 फुटांच्या या गाडीत चार प्रौढ माणसे सामानासह बसू लागली. हे सारे श्रेय त्या मांडणीचे आहे. तिचा एक तोटा मात्र लवकरच उघड झाला. डिस्ट्रिब्युटर (ठिणगीसाठीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग) पुढच्या जाळीमागेच असल्याने तो मुसळधार पावसात भिजे आणि गाडी बंद पडे. ब्रिटनसारख्या देशात ही चूक व्हायला नको होती.

विशेष म्हणजे इसिगोनिस यांनी तरुणपणी एका मित्राबरोबर शर्यतीची जी हलकी मोटार घडवली होती, तिला इंजिन ऑस्टिन सेव्हनचे होते आणि चाकांना आधार रबराचा होता. म्हणजे सेव्हन त्यांनी हाताळलेली होती, तिच्या मर्यादाही त्यांना ठाऊक होत्या. म्हणूनच मिनीला सेव्हनची सुधारित आवृत्ती म्हणणे मला पटत नाही. सेव्हनने मोठी गाडी लहान केली. मिनीने गाडीत माणसांसाठी किती जागा लागते, इथपासून आखणीला सुरुवात केली.