गारपीट झेललेला रंगारी : ओटो रेहागेल

(दृश्य : जुनी, किंचित थरथरणारी चित्रफीत. मैदान, मग धावफलक.)

२९ एप्रिल १९७८. ड्युसेलडॉर्फचं राइनस्टेडियम. बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मन फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीच्या मोसमातला शेवटचा दिवस.

मोन्शेनग्लाडबाख आणि कोलोन, दोघांचे गुण सारखे. फरक फक्त गोलांचा, पण तोही थोडाथोडका नाही. कोलोन तब्बल १० गोलांनी पुढे. म्हणजे ग्लाडबाखला विजेतेपद हवं असेल, तर समोरच्याला अक्षरशः धुऊन काढायला हवं. समोर होता बोरुसिया डॉर्टमुंड.

मध्यंतराला ६–०. सामना संपला तेव्हा १२–०. एकट्या युप हाइन्केसचे त्यात ५ गोल. आणि एवढं करून ग्लाडबाखच्या हाती काहीच लागलं नाही. तिकडे कोलोननं आपला सामना ५–० असा जिंकला आणि ३ गोलांच्या फरकानं विजेतेपद नेलं.

१२–०. बुंडेसलिगातला हा सर्वांत मोठा पराभव, आजही. डॉर्टमुंडनं आपल्या प्रशिक्षकाला दुसऱ्याच दिवशी नारळ दिला. प्रशिक्षकाचं नाव ओटो रेहागेल. जर्मनमध्ये ‘हागेल’ म्हणजे गारा आणि ‘टोर’ म्हणजे गोल. वर्तमानपत्रांना आयतंच सापडलं. रेहागेलचं झालं ‘टोरहागेल’. गोलांची गारपीट.

हे मैदान लक्षात असू द्या. आपल्याला इथे परत यायचंय.

(दृश्य : एसेन. कोळशाच्या खाणीचा उंच लोखंडी मनोरा.)

रेहागेल यांचा जन्म ९ ऑगस्ट १९३८ चा, रुहर खोऱ्यातल्या एसेनचा. कोळसा, पोलाद आणि फुटबॉल यांवर जगणारा हा मुलूख. पोरानं काम शिकलं ते रंगाऱ्याचं, तेही खाणीतच. घासकाम करायचं, भेगांत लांबी भरायची, ती वाळू द्यायची आणि मगच हात मारायचा. घाईला या धंद्यात जागा नाही.

खेळाडू म्हणून ते बचावफळीत होते. कलाकुसर बेताची, पण समोरचा आघाडीवीर घरी जाताना पोटऱ्या चोळत जाईल याची खात्री. १९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली, तिच्या अगदी पहिल्या दिवशी ते बर्लिनच्या हेर्था संघाकडून मैदानात होते. पुढे कायझरस्लाउटर्न. बुंडेसलिगात एकूण २०१ सामने. राष्ट्रीय संघाचा सदरा काही अंगावर चढला नाही.

प्रशिक्षक झाल्यावर पहिली काही वर्षं बोऱ्या-बिस्तरा गुंडाळण्यातच गेली. या क्लबातून त्या क्लबात. १२–० नंतर तर कोणी दारात उभं करेल का, हाच प्रश्न होता. पण १९८० मध्ये त्यांनी जर्मन चषक जिंकला तो ड्युसेलडॉर्फच्याच फोर्टुना संघाला घेऊन. आणि १९८१ मध्ये फोन आला ब्रेमेनहून.

(दृश्य : वेझर नदी. काठावर वेर्डर ब्रेमेनचं मैदान, प्रकाशझोत.)

वेर्डर ब्रेमेन तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरलेला क्लब होता. प्रशिक्षकाला मोटार अपघात झालेला. रेहागेल आले आणि १४ वर्षं राहिले.

या १४ वर्षांतली एक रात्र मात्र सावकाश पाहायला हवी. २२ एप्रिल १९८६. समोर बायर्न म्युनिक. धावफलक ०–०. हा सामना जिंकला की ब्रेमेन विजेते, एक सामना शिल्लक असतानाच. शेवटची दोन-तीन मिनिटं उरलीत आणि पंच पेनल्टी देतात. चेंडू घेतो मिखाएल कुत्सोप. पेनल्टी म्हणजे हातचा मळ असलेला माणूस. बायर्नचे खेळाडू हुज्जत घालतात, वेळ काढतात. मग कुत्सोप धावतो. गोलरक्षक फाफ चुकीच्या बाजूला झेपावतो. गोल रिकामा आहे. आणि चेंडू खांबावर आपटून बाहेर.

बुंडेसलिगाच्या कारकिर्दीत कुत्सोपची चुकलेली ही एकच पेनल्टी. त्यानंतरही शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरली असती. ब्रेमेन श्टुटगार्टमध्ये २–१ हरलं. बायर्ननं ग्लाडबाखला ६–० नं लोळवलं आणि गोलफरकावर विजेतेपद नेलं. गोलफरकानं या माणसाचा पिच्छाच पुरवला होता म्हणायचा.

विजेतेपद आलं ते दोन वर्षांनी, १९८८ मध्ये. अख्ख्या मोसमात ब्रेमेननं फक्त २२ गोल खाल्ले. ज्याच्यावर एका दुपारी १२ पडले होते, त्याचा हा संघ. १९९३ मध्ये पुन्हा विजेतेपद. १९९१ आणि १९९४ चे जर्मन चषक. १९९२ मध्ये लिस्बनला मोनाकोला हरवून युरोपचा चषक विजेत्यांचा करंडक. लिस्बन तेव्हाच एकदा हाताला लागलं होतं. मायदेशातल्या प्रकाशझोताखालच्या उलथापालथी तर वेगळ्याच. मॉस्कोत ४–१ हरून आल्यावर घरी ६–२. मॅराडोनाच्या नापोलीला ५–१. ब्रेमेनची माणसं अजूनही त्या रात्रींना ‘वेझरकाठचे चमत्कार’ म्हणतात.

(दृश्य : म्युनिक. चकचकीत गाड्या, छायाचित्रकारांची गर्दी.)

१९९५ मध्ये त्यांनी बायर्न म्युनिकचं बोलावणं स्वीकारलं. जाण्याआधीचा ब्रेमेनचा शेवटचा सामना कुठे होता, तर म्युनिकमध्ये, बायर्नविरुद्धच. ब्रेमेन ३–१ हरलं आणि हातातोंडाशी आलेलं विजेतेपद डॉर्टमुंडला गेलं. होय, त्याच डॉर्टमुंडला.

बायर्नमध्ये काय नव्हतं? क्लिन्समान होता, पैसा होता, सगळा थाट होता. जमलं मात्र नाही. एप्रिल १९९६ मध्ये, युएफा चषकाची अंतिम फेरी समोर असताना, त्यांना काढलं. सूत्रं क्लबचे अध्यक्ष बेकेनबाउअर यांनी हाती घेतली आणि करंडकही उचलला. मला विचाराल तर दोष एकट्या म्युनिकचा नव्हता. ब्रेमेनमध्ये रेहागेल यांचा शब्द शेवटचा असे. म्युनिकमध्ये प्रत्येकाचाच शब्द शेवटचा होता.

त्याच सुमारास कायझरस्लाउटर्न इतिहासात पहिल्यांदा पहिल्या श्रेणीतून खाली गेलं. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल मारणारा आंद्रेआस ब्रेमे त्या दिवशी हमसून हमसून रडला. रेहागेल आपल्या या जुन्या क्लबात आले. एका वर्षात संघ परत वर. आणि नव्या मोसमाचा पहिलाच सामना, ऑगस्ट १९९७, म्युनिकमध्ये, बायर्नविरुद्ध. ८० व्या मिनिटाला शोनबेर्गचा गोल. १–०. बाकावरून उठलेले रेहागेल तेव्हा रंगारी वाटत नव्हते, वसुलीला आलेले सावकार वाटत होते.

मे १९९८ मध्ये कायझरस्लाउटर्न विजेते. नुकताच वर आलेला संघ थेट बुंडेसलिगा जिंकतो, हे त्याआधी कधी घडलं नव्हतं आणि त्यानंतरही घडलेलं नाही.

(दृश्य : अथेन्स. उन्हात तापलेलं सराव मैदान.)

२००१. वय ६३. ग्रीसनं राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे सोपवला. १९९४ च्या विश्वचषकात हा देश तिन्ही सामने हरला होता. एकही गोल न करता, १० गोल खाऊन. रेहागेल यांचा पहिलाच सामना फिनलंडमध्ये. निकाल, फिनलंड ५, ग्रीस १. गारा पुन्हा सुरू, असंच वाटलं असेल कुणालाही.

रेहागेल जर्मनमध्ये बोलायचे, मदतनीस योआनिस टोपालिडिस ते ग्रीकमध्ये सांगायचे. खेळायची पद्धत म्हणाल तर माणसाला माणूस. ज्याला जो नेमून दिला त्यानं त्याच्या सावलीसारखं फिरायचं, आणि मागे एक मोकळा बचावपटू, भोकं बुजवायला. युरोपनं ही पद्धत केव्हाच माळ्यावर टाकली होती. जुनाट म्हणून हिणवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, जो जिंकतो तो आधुनिक.

युरो २००४, म्हणजे युरोपातल्या देशांची अजिंक्यपद स्पर्धा, पोर्तुगालमध्ये. सलामीला यजमान पोर्तुगालच २–१ नं हरले. स्पेनशी बरोबरी. रशियाकडून हार, पण जास्त गोल केल्यामुळे स्पेन घरी आणि ग्रीस पुढे. शेवटी गोलांचं गणित एकदा तरी त्यांच्या बाजूनं आलं. मग गतविजेत्या फ्रान्सवर १–०. उपांत्य फेरीत चेक संघ. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता कॉर्नर, आणि डेलासचं डोकं. तेव्हाच्या सिल्व्हर गोलच्या नियमानं, म्हणजे जादा वेळेचा पहिला भाग संपताना जो पुढे तो विजयी, सामना तिथेच संपला. चेक संघाला उत्तर द्यायला वेळच उरला नाही.

४ जुलै. लिस्बन. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ५७ वे मिनिट. पुन्हा कॉर्नर, बासिनासचा. उडी मारतो आंगेलोस खारिस्तेआस, जो त्या मोसमात वेर्डर ब्रेमेनच्या बाकावरच जास्त बसला होता. १–०. शिट्टी वाजवायला पंच होते मार्कुस मेर्क, गाव कायझरस्लाउटर्न. कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

परदेशी प्रशिक्षकानं युरो जिंकण्याची ही पहिलीच वेळ. ग्रीकांनी त्यांना हेराक्लिसच्या रांगेत बसवलं. नाव झालं ‘रेहाक्लिस’.

हा खेळ कंटाळवाणा होता, अशी तक्रार पुष्कळांनी केली. होताच थोडा. पण ग्रीसकडे हेन्री नव्हता, फिगो नव्हता. होत्या त्या भिंतीवर त्यांनी रंग दिला.

पुढचं थोडक्यात. युरो २००८ मध्ये तिन्ही सामन्यांत हार. २०१० च्या विश्वचषकात नायजेरियावर २–१. या स्पर्धेतला ग्रीसचा पहिला गोल आणि पहिला विजय. मग निरोप.

(दृश्य : ड्युसेलडॉर्फ. नवं, छत असलेलं स्टेडियम. लाल धूर.)

तरीही २०१२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते परत आले. बुडत्या हेर्थाला वाचवायला. जिथून १९६३ मध्ये सुरुवात केली होती, तोच हेर्था. पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठीच्या दोन सामन्यांतला दुसरा, निर्णायक सामना होता फोर्टुना ड्युसेलडॉर्फशी, त्यांच्या मैदानावर. पहिला हेर्था हरलं होतं, त्यामुळे बरोबरी पुरणार नव्हती. २–२ असताना, शेवटची मिनिट-दीड मिनिट बाकी असताना, सामना संपला समजून प्रेक्षक मैदानात घुसले. बराच वेळ खेळ थांबला. मग गवत मोकळं करून उरलेला वेळ खेळवला गेला. गोल झाला नाही. हेर्था खाली गेलं.

रेहागेल यांचा हा शेवटचा सामना. ते स्टेडियम नवं होतं, पण जागा जुनी. राइनस्टेडियम पाडून, तिथेच ते बांधलंय.