कर्बाचा आकडा आणि त्यात लपलेलं प्लॅस्टिक

माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी काय बघतो? सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणखतातून मातीत आलेला कार्बन. तो वाढला की खूश, कमी झाला की टेन्शन. आज मी थोडं त्या आकड्यावरच संशय घेणार आहे.

प्लॅस्टिक म्हणजे शेवटी कार्बनच हो. पॉलिथिन घेतलं तर वजनाच्या जवळपास 86 टक्के नुसता कार्बन. आता मातीतला कर्ब मोजायची एक पद्धत अशी की नमुना भट्टीत जाळायचा आणि किती कार्बन डायऑक्साइड निघाला ते मोजायचं. भट्टीला काय कळतंय की जळलं ते कुजलेलं पान होतं की पिशवीचा तुकडा? समजा मातीत खरा कर्ब 0.5 टक्के आहे आणि एका किलोत फक्त 1 ग्रॅम पॉलिथिन मिसळलंय, तर या पद्धतीच्या रिपोर्टमध्ये 0.59 च्या आसपास येणार. म्हणजे कागदावर माती सुधारली! सगळ्याच जमिनीत एवढं प्लॅस्टिक असतं असं मी म्हणत नाही, पण गोची कुठे आहे ते लक्षात आलं असेल. बर्लिनचे माती-अभ्यासक मॅथियास रिलिग यांनी 2018 मध्ये नेमकं हेच मांडलं. त्याआधी 2012 मध्येच ते म्हणत होते की सगळे समुद्रात प्लॅस्टिक शोधताय, जरा पायाखाली पण बघा.

मायक्रोप्लॅस्टिक म्हणजे 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, एवढं पुरे, व्याख्येत अडकायला नको.

खरा फरक कार्बन किती यात नाहीये, तो कोणी खातं का यात आहे. सेंद्रिय पदार्थ मातीत पडला की जिवाणू, बुरशी त्याच्यावर तुटून पडतात, आणि खाता खाता चिकट पदार्थ सोडतात, बुरशीचे धागे कणाला कण बांधतात, त्यातून ती रवाळ माती तयार होते जिच्यात हवाही खेळते आणि पाणीही धरून राहतं, वापसा (मशागतीजोगा ओलावा) लवकर येतो तो त्यामुळेच. शिवाय कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात साधारण 10-12 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन असतो, तो हळूहळू पिकाला मिळतो. पॉलिथिनमध्ये नायट्रोजन शून्य. त्याच्यावर जिवाणूंचा थर बसतो, नाही असं नाही, पण ते घर आहे, जेवण नाही.

धाग्यांचा प्रकार अजून फसवा. पॉलिस्टरच्या कपड्यांचे धागे धुताना सुटतात, सांडपाण्याच्या गाळात अडकतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात. 2018 च्या एका प्रयोगात असे धागे मिसळले तर माती हलकी झाली आणि पाणी जास्त धरायला लागली. वाचून वाटेल वा, छानच की! पण भुसभुशीतपणा आतून आलेला नसतो, कापसात माती भरल्यासारखा प्रकार आहे तो. मातीचे रवे पाण्यात टिकतात का हे तपासलं तर काही प्रयोगांत ते कमकुवत निघाले, काहींत उलटं पण निघालंय, माती कुठली यावर बरंच आहे. म्हणून कोणी छातीठोकपणे "प्लॅस्टिकने माती मेली" म्हणालं तर मी जरा सावध होतो.

गांडुळांचं मात्र बघण्यासारखं आहे. पालापाचोळ्यात पॉलिथिनची भुकटी मिसळून प्रयोग झाला, 28 टक्के आणि त्यापुढे गेल्यावर गांडुळं जास्त मरायला लागली, वाढ खुंटली. एवढं प्रमाण शेतात सहसा नसतं, मान्य. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की गांडूळ तुकडे गिळतं, बिळात खाली नेतं, विष्ठेतून सोडतं. आपण वरचा थर तपासतो आणि माल खाली पोचलेला असतो. मशागत करणारा आपला सगळ्यात भरवशाचा गडी, आणि वाहतूकही तोच करतोय!

आता कोणी विचारेल, मग कंपोस्ट टाकायचं बंद करायचं का? अजिबात नाही. पण अडचण खरी आहे. न वर्गीकरण केलेल्या कचऱ्याचं कंपोस्ट म्हणजे एका हाताने कर्ब आणि दुसऱ्या हाताने प्लॅस्टिक. चाळणी लावून मोठे तुकडे जातात, बारीक खाली उतरतातच. म्हणजे वेगळं करायचं ते कचरा कुजायच्या आधी.

आणि मातीत गेलेलं काढता येतं का? लॅबमध्ये येतं. मिठाच्या दाट पाण्यात माती ढवळली की हलकं प्लॅस्टिक वर तरंगतं, पण सेंद्रिय पदार्थही हलकाच, तोही सोबत वर येतो, मग तो हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळायचा आणि उरलेलं मायक्रोस्कोपखाली मोजायचं. म्हणजे प्लॅस्टिक बघण्यासाठी कर्ब घालवावा लागतो! शेतभर हे कोण करणार.

त्यामुळे मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचं पातळ प्लॅस्टिक) वापरत असाल तर पीक निघाल्या निघाल्या गोळा करा, पात्यांनी माती बारीक करणारा रोटाव्हेटर फिरवायच्या आधी. उन्हाने तो आधीच ठिसूळ झालेला असतो, आणि फार पातळ घेतला असेल तर उचलतानाच चिंध्या होतात, म्हणून घेतानाच जरा जाड घ्या. एकदा पात्याखाली गेला की एका चिंधीचे शंभर तुकडे, आणि मातीखाली ऊन पोचत नाही, मग ते पुढे कुजतही नाहीत, तसेच पडून राहतात.