मनाला अंग कुठंय?

मे १६४३. नेदरलँड्समधलं हेग शहर. इथं एक राजघराणं आश्रयाला राहतंय. बोहेमियाची गादी वडिलांकडे आली, ती जेमतेम एक हिवाळा टिकली. लोक त्यांना ‘हिवाळ्यातला राजा’ म्हणून हिणवत. वडील आता हयात नाहीत. थोरली मुलगी एलिझाबेथ, वय चोवीस, फ्रेंचमध्ये पत्र लिहितेय.

पत्र आहे तत्त्वज्ञ रने देकार्त यांना. शरीर जागा व्यापतं. मन जागा व्यापत नाही, ते फक्त विचार करतं. दोन्ही मुळातच वेगळी, हे त्यांचं म्हणणं. एलिझाबेथनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

वस्तू हलवायची तर ढकलावी लागते. ढकलायची तर तिला शिवावं लागतं. आणि शिवायला अंग लागतं. मग ज्याला अंगच नाही ते मन हात कसा उचलतं?

देकार्त वजनाचा दाखला देतात. वजन दगडाला खाली नेतं, म्हणून काही ते त्याला मागून ढकलत नाही. मनाचंही तसंच समजा.

जूनमध्ये तिचं उत्तर जातं. घरचे व्याप, माणसांची ये-जा, वेळच मिळत नाही, अशी नम्र सुरुवात. मग चिमटा: वजनाची ही कल्पना तुम्हीच खोटी ठरवलीत ना? त्यापेक्षा मनही जागा व्यापतं, हे मानणं मला सोपं जातं.

यावर देकार्त सुचवतात, असल्या चिंतनाला वर्षातले मोजके तासच द्यावेत. मन आणि शरीर एकत्र कसं नांदतं ते रोजच्या जगण्यात, गप्पांमध्ये कळतं. हे उत्तर नव्हे. पण मला ती पळवाटही वाटत नाही.

१६४९च्या पुस्तकात त्यांनी मनाचा पत्ताही दिला: मेंदूच्या मधोमध असलेली पिनियल ग्रंथी. मेंदूतले बाकीचे भाग जोडीजोडीनं, ही एकटी, म्हणून. साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. ती मेलाटोनिन स्रवते, झोपेचं वेळापत्रक सांभाळते, हे आज आपल्याला माहीत आहे. पण त्या दाण्याला तरी अंग नसलेलं मन शिवणार कसं?

मन म्हणजे मेंदूचंच काम, असं आज अनेक जण मानतात. त्यांच्यापुढे तोच प्रश्न उलटा उभा राहतो. टाचणी टोचली, मज्जातंतूंतून संदेश मेंदूत पोचला, हात मागे आला; सगळं मोजता येतं. मग त्यात ते दुखणं कुठून आलं?

देकार्त १६५०मध्ये वारले. आपली पत्रं छापायला एलिझाबेथनं नकार दिला. ती छापून आली १८७९मध्ये, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. तोवर वाचकांच्या हातात होती, ती फक्त देकार्त यांची उत्तरं.