तीन वर्षांचं पोर पाठीवर घ्यायचंय? आधी गुडघे मोजा

नमस्कार मंडळी! हा माझा उजवा खांदा. आता काही दिसत नाही, पण गेल्या हिवाळ्यात सिंहगड उतरून आले तेव्हा इथे दोन बोटं रुंद लाल वळ उठला होता. आमची चिऊ तेव्हा पावणेतीन वर्षांची, वजन 14 किलोच्या आसपास. आतकरवाडीच्या वाटेनं निघालो. सुरुवातीला बाईसाहेब टुणटुण उड्या मारत चढल्या आणि मग वाटेतच फतकल मारली. "आई, उचल." ती सहा महिन्यांची असताना घेतलेलं कॅरियर, म्हणजे पोर अंगाला बांधून न्यायची पट्ट्यांची कापडी झोळी, सॅकमध्ये होतं. त्यात बसवलं, पाठीवर घेतलं. दहाच मिनिटांत मागून आवाज, "आई, पायात मुंग्या आल्या!"

तिचं खरं होतं. कॅरियरवर 20 किलोपर्यंत चालेल असं छापलेलं, म्हणून मी निर्धास्त होते. पण तो आकडा शिवण आणि बकल किती भार सोसतील ते सांगतो. पोर त्यात नीट बसेल का, हे त्यातून कळत नाही. तीन वर्षांच्या मुलाचं सर्वसाधारण वजन 14 किलो आणि उंची 95 सेंटिमीटरच्या आसपास असते. वजन आकड्यात बसलं, पण पाय कधीच लांब झालेले असतात.

(बाहुली आणि जुनं कॅरियर हातात घेऊन) हे बघा. बसायची पट्टी मांडीच्या मध्यावरच संपतेय. मग सगळा भार या काठावर येतो, काठ मांडीत रुततो आणि पाय नुसते लोंबतात. तान्ह्या बाळांच्या खुब्यांसाठी मांड्यांना आधार हवा, हे तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या सहा महिन्यांत ते फार महत्त्वाचं असतं. तीन वर्षांच्या पोराच्या बाबतीत प्रश्न साधा आहे, त्याला तासभर तिथे बसवतं का?

म्हणून कॅरियर घ्यायच्या आधी टेप काढा. पोराला मांड्या फाकवून तुमच्या पाठीला चिकटून बसवा आणि घरातल्या कुणाला तरी एका गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून दुसऱ्या खळगीपर्यंत मोजायला सांगा. मापाची पट्टी ढुंगणाखालून जाऊ दे. चिऊचं 43 सेंटिमीटर भरलं. आमच्या जुन्या कॅरियरची पट्टी होती 36! मोठ्या मुलांसाठीची कॅरियर वेगळी मिळतात, बहुतेक ठिकाणी 'टॉडलर' साइज म्हणून. नावावर जाऊ नका, पट्टीची रुंदी विचारा. दोन-तीन सेंटिमीटर कमी असली तरी चालतं, पण गुडघ्याच्या पुढे गेलेली नको, पाय वाकत नाहीत मग.

पाठीचा भाग काखेपर्यंत आला पाहिजे. या वयाच्या पोरांना हात बाहेर लागतात, कारण पानं तोडायची असतात, आईचे केस ओढायचे असतात. पण पाठ कमी उंचीची असली की पोर मागे रेलतं आणि आपल्याला वाटतं, कुणीतरी पोतं धरून मागे खेचतंय.

आता तुमचं अंग. भार खांद्यावर नाही, कमरेवर यायला हवा. (कमरेवर हात ठेवून) हे हाड हाताला लागतंय ना? पट्टा त्याच्यावर टेकला पाहिजे. बहुतेक जण पोटावर बांधतात, मग तो घसरतो आणि सगळं खांद्यावर येतं. आधी कमरेचा पट्टा करकचून आवळा, मग पोर, मग खांद्याचे पट्टे. छातीवरची आडवी पट्टी काखेच्या पातळीला ठेवा, गळ्याशी नको. बरोबर जमलं की खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज सरकतात. साडीवर बांधणार असाल तर निऱ्यांच्या घडीवर पट्टा घसरतो, हे मी लग्नात करून बघितलंय. कुर्ता बरा. पोर उंच बसवा, इतकं की त्याला तुमच्या खांद्यावरून पुढचं दिसेल. खाली लोंबलं की तुम्ही पुढे वाकून चालता आणि रात्री कंबर धरते.

पाठीमागे धातूची चौकट असलेली ट्रेकिंगची कॅरियर दिसायला झकास. वर छत, खाली सामानाचा कप्पा. पण रिकामीच तीन-साडेतीन किलोची असतात आणि त्यांची मर्यादा पोर, सामान आणि कधी कधी कॅरियरचं स्वतःचं वजन धरून लिहिलेली असते. आधी ते वाचा. शिवाय या वयाचं पोर दहा मिनिटं पाठीवर, वीस मिनिटं पायी, पुन्हा पाठीवर. ते खाली उतरलं की रिकामा सांगाडा कोण वागवणार? दिवस दिवस डोंगर चढणारे असाल तर घ्या जरूर. आमच्यासारख्यांना कापडी बरं, घडी करून सॅकमध्ये जातं. पुढे कमरेवर ठोकळा असलेली 'हिप सीट' मात्र पाठीसाठी नको, तो ठोकळा टोचतो.

चढवायचं कसं? खाली वाकून पाठीवर फेकायची कसरत 14 किलोला करू नका. कट्टा शोधा. गडावर दगड असतातच. कमरेचा पट्टा बांधा, पोराला कट्ट्यावर उभं करा, पाठ त्याच्याकडे करून थोडं वाका, "घोडा घोडा" म्हणा, ते स्वतःच पाठुंगळी बसतं. मग पाठीचं कापड वर ओढून खांद्याचे पट्टे चढवा. पहिले चार दिवस हे पलंगापाशीच, कुणीतरी मागे उभं असताना.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. पोर पाठीवर बांधून स्कूटरवर बसायचं नाही. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागतं आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत, हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. तो पट्टा वेगळा आणि हे कॅरियर वेगळं, हे चालण्यासाठी आहे.

आणि आमच्या घरची युक्ती. चिऊचे बाबा सहा फुटी, मी पाच-एक. दर वेळी पट्टे सैल करा, आवळा, भांडा! शेवटी मी पट्ट्यांवर दोऱ्याचे टाके घातले. हा लाल टाका माझा, हा निळा त्यांचा. आता उंबऱ्यातच अदलाबदल होते.