एका पिशवीमागे किती सुटतात?

नमस्कार श्रोतेहो.

तरुणांना सामाजिक उद्योग, म्हणजे लोकांचा एखादा प्रश्न सोडवत स्वतःच्या कमाईवर चालणारे उद्योग, उभारायला शिकवणारे उपक्रम आता बरेच आहेत. 2008 पासून निघणाऱ्या जागृती यात्रेत तर जवळपास 500 तरुण खास रेल्वेगाडीने 15 दिवसांत सुमारे 8000 किलोमीटर फिरतात आणि उत्तर प्रदेशातल्या देवरिया जिल्ह्यात थांबून गटागटाने उद्योगाचे आराखडे मांडतात. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून जायचं तर भाषण यायला हवं, असा समज आहे. भाषणं मुलांनी भरपूर ऐकलेली असतात. त्यांच्यासोबत बसून हिशेब करणारं माणूस मात्र सापडत नाही.

कापडी पिशव्यांचंच घ्या. बचत गटातल्या बायकांकडून शिवून घ्यायच्या, प्लास्टिक हटवायचं, बायकांना रोजगार. कल्पना छान आहे. मुलं हिशेब मांडतात: कापड 30 रुपये, शिलाई 10, विक्री 50ला, म्हणजे एका पिशवीमागे 10 सुटले.

इथे स्वयंसेवकाने कात्री आणि टेप मागवावी. 44 इंच पन्ह्याचं मांजरपाट, समजा 60 रुपये मीटर. 14 बाय 16 इंचांच्या पिशवीला शिलाई आणि दुमड धरून 15 बाय 35चा तुकडा लागतो. पन्ह्यात असे दोन बसतात, उरलेल्या पट्टीत दोन्ही पिशव्यांचे धरायचे चारही बंद निघतात. मीटरला दोन पिशव्या, म्हणजे 30चा आकडा बरोबर आहे. पण कोरं मांजरपाट आटतं. न धुता कापलं, तर पहिल्या धुण्यात पिशवी आखडते आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आता राहिलेलं लिहा. दोरा 1 रुपया, छपाई 6, नेआण 2. पिशवी 49ला पडली. शंभरात 5 खराब निघाल्या, तर 4900 रुपये 95 पिशव्यांवर वाटायचे, म्हणजे एक पडते 51 रुपये 58 पैशांना. 50ला विकली की दर पिशवीमागे दीड रुपया खिशातून जातो. मुलांचा वेळ यात धरलेलाच नाही! वर दुकानदार महिनाभराची उधारी मागतो आणि शिवणाऱ्या बाईला मजुरी शनिवारी लागते. नफा कागदावर असूनही गट बुडतात ते इथेच, खेळत्या भांडवलापायी. पिशवी खरी कितीला पडते तो आकडा तुम्ही सांगू नका, मुलांनाच काढू द्या. थोडा वेळ लागेल, लागू द्या.

दुसरी खोट मागणीत असते. ‘आमची पिशवी घ्याल का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. समोरच्या पोराला नाही कोण म्हणेल? विचारायचं ते असं: गेल्या आठवड्यात भाजी कशातून आणलीत? तेव्हा कळतं, की बहुतेकांच्या स्वयंपाकघरात दारामागे पिशव्यांनीच भरलेली एक पिशवी लटकलेली असते. मग गिऱ्हाईक घरात शोधायचं की शंभर-दोनशे एकदम घेणाऱ्या मंगल कार्यालयात, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. होकार मोजू नका, 10 रुपये का होईना, आगाऊ मिळालेले मोजा. आणि कौतुकापोटी पहिल्या 20 पिशव्या स्वतःच विकत घेऊ नका. त्या प्रेमळ खरेदीने मुलांची दिशाभूल होते.

लिज्जतची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. 1959 साली गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी 4 पाकिटं झाली. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. आपली मुलं मात्र आधी नाव, बोधचिन्ह आणि टी-शर्ट करतात. नोंदणीचीही घाई नको. छोट्या उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला वाटेला लावा.

वेळेचं म्हणाल तर महिन्यातून एक अख्खा रविवार देण्यापेक्षा दर आठवड्याला दोन तास द्या. दोन भेटींच्या मध्ये मुलांना एकच काम द्यावं आणि पुढच्या वेळी आधी तेच विचारावं. परीक्षा जवळ आल्या की गट गळतो, तेव्हा मोठी ऑर्डर त्याआधी घेऊच नये.

सगळ्यात अवघड काम शेवटी येतं. शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन जातात आणि गावात उरतात शिलाई मशीन, न खपलेला माल आणि दुकानदाराकडची येणी. हे कोणाचं, ते पहिल्याच महिन्यात ठरवून घ्या. साध्या मराठीत, एका कागदावर. आणि तो कागद शिवणाऱ्या बायकांपुढे मोठ्याने वाचून दाखवा, कारण मुलं गेल्यावर मशीन दुरुस्त करून घ्यायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे.