तळ खंयचो, मासो खंयचो?

(मालवणात एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं नीटनेटकं केलेलं.)

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय असा छापलाय: ‘वैद्यकीय पदवी शिक्षणातील हृदयतपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी’. एवढं लांब नाव वाचूनही आपण आलात, याचा अर्थ एक तर आपल्याला हृदयाची काळजी आहे, नाही तर नऊच्या दशावतारासाठी पुढची खुर्ची धरायची आहे. दोन्ही कारणं मला मान्य आहेत. चिटणिसांनी बजावलंय, साडेआठला मांड मोकळा हवा.

आधी एक करा. हात उचला आणि आपापल्या हृदयावर ठेवा. ठेवलात? बहुतेकांचा हात शर्टाच्या खिशावर गेलाय. सिनेमात हृदय तिथेच असतं. प्रत्यक्षात ते छातीच्या मधल्या हाडामागे असतं, डावीकडे जास्त झुकलेलं. गळ्याजवळच्या डाव्या आडव्या हाडाच्या मध्यातून एक रेघ सरळ खाली आणा. पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या फटीत, त्या रेघेच्या किंचित आत, बोटाला ठोका लागतो. नाही लागला तर घाबरू नका. बसल्या जागी अनेकांना लागत नाही. डाव्या कुशीवर वळलात की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि ठोका बोटावर येतो. पण ते घरी जाऊन करा, इथे नको.

हा ठोका शोधायला मी तीसेक वर्षं मुलांना शिकवलं. हल्ली शिकवायला उभा राहिलो की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, “सर, टूडी इको करूया ना.” इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. माझी तक्रार त्या यंत्रावर नाही. मी स्वतः इको करतो, आणि आज तुम्हाला दाखवायला छोटं यंत्र आणणारही होतो. पण पोटातल्या गर्भाचं लिंग बघण्याविरुद्धचा 1994 चा कायदा आहे आणि त्याखालचे नियम आहेत. त्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी झालेल्या जागेतून असं उचलून वाचनालयात आणता येत नाही. कायदा योग्य आहे आणि हवाच होता. तुम्हाला मात्र माझ्या हातवाऱ्यांवर भागवावं लागेल.

तक्रार टक्क्यांवर आहे. परुळ्याकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. फाइल छातीशी धरलेली, चेहरा पडलेला. म्हणाल्या, “साठच टक्के चालता माझां. चाळीस टक्के गेलां.” दोन वर्षं त्यांनी विहिरीवरून पाणी काढलं नव्हतं, जत्रेला गेल्या नव्हत्या. कुणीतरी रिपोर्टातला आकडा वाचून दाखवला होता आणि पुढचं सांगायचं राहून गेलं होतं. मंडळी, हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो आणि दाबून रक्त पुढे ढकलतो. भरलेल्यापैकी किती ढकललं, त्याचा हा टक्का. साधारण पंचावन्न ते सत्तर म्हणजे उत्तम. शंभर कुणाचेच नसतात. आजींना मी सांगितलं, तुम्ही पहिल्या वर्गात पास आहात. त्यांचा विश्वास बसला नाही. दहावीच्या नातवाला बोलावून त्याच्याकडून खात्री करून घेतली.

उलटही होतं. झडप आवळून गेलेल्या माणसाचाही टक्का साठ येऊ शकतो. म्हणजे आकडा चांगला, आणि माणूस जिना चढताना बसतो. पण आपल्याकडे लग्नात जशी पत्रिका तशी आजारात ही टक्केवारी. छत्तीस गुण जुळले की पुढचं कुणी बघत नाही.

आता तांडेलाची गोष्ट. ज्यांनी ऐकली आहे त्यांनी माफ करा, आणि शेवट आधी सांगू नका.

साताठ वर्षांपूर्वी इथलाच एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा म्होरक्या, आला. साठीच्या आसपासचा, निम्मं आयुष्य ट्रॉलरवर गेलेलं. चालताना दम लागायचा, एकदा डेकवर चक्कर येऊन पडला होता. मी नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, लावली. उजवीकडे वरच्या बाजूला खरखरीत आवाज, मानेपर्यंत चढणारा. मी कागदावर लिहिलं: महाधमनीची झडप आवळलेली असावी. मग त्याला डाव्या कुशीवर झोपवलं, जेल लावलं, प्रोब, म्हणजे इकोच्या यंत्राचा हातात धरायचा भाग, छातीला टेकवला. एरवी पेशंट छताकडे बघतो किंवा माझ्या तोंडाकडे. हा गडी मान वळवून पडद्याकडेच बघत राहिला. म्हणाला, “डॉक्टरानू, ह्यां तर आमच्या फिश फाइंडराचां भावंड!”

आणि खरंच भावंड आहे. त्याच्या होडीच्या बुडाला बसवलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडतं. आवाज तळावर आपटून परत येतो. किती वेळात आला, त्यावरून खोली. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, आपल्या मांसात 1540 धरतात. फार फरक नाही, कारण आपणही बरेचसे खारं पाणीच. त्याचं यंत्र सेकंदाला पन्नास हजार किंवा दोन लाख कंपनं सोडतं, माझं वीस ते चाळीस लाख. आवाज जितका बारीक तितकं बारीक दिसतं, पण तितकं खोल जाता येत नाही. हे मी एमडीच्या मुलांना आकृत्या काढून सांगतो. तांडेल पडल्या पडल्या म्हणाला, “तां म्हायत आसा. खोल पाण्यात पन्नासवर लावतंव, उथळात दोनशेवर.”

मी खूश झालो. मग त्याने विचारलं, “सगळां ठीक. पण तळ खंयचो आणि मासो खंयचो, तां तुमका कोणी सांगल्यान?”

मी काहीतरी बोललो. पुस्तकात आहे, शिकवतात वगैरे. तो गप्प राहिला. मग त्यानेच सांगितलं, “माझ्या झिलाक मी दोन वर्सां मशिनीक हात लावूक दिलंय नाय. आधी दोरयेक शिसां बांधून सोड. किती वाव पाणी तां सांग. शिश्याक चिखल लागलो काय रेव, तां बघ. मगे मशीन काय सांगता तां बघ.” घाटावरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो: झील म्हणजे मुलगा, रेव म्हणजे वाळू, आणि वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारं अंतर. बाकीच्यांना माहीत आहे, कारण आपल्याकडे माणूस थापा मारतानाही वावातच मोजतो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर स्वीडनमध्ये आहे. तिथे लुंड गावात इंगे एडलर नावाचे डॉक्टर होते. त्या काळात मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, आवळली असेल तर ती शस्त्रक्रियेने मोकळी करायला नुकती सुरुवात झाली होती. पण छाती उघडण्याआधी कळायला हवं, की झडप आवळली आहे की गळते आहे. नळीने सगळंच कळेना. एडलरना एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ भेटला, कार्ल हेल्मुथ हर्ट्झ. आडनाव ओळखीचं वाटलं ना? कंपनं ज्या हर्ट्झमध्ये मोजतात, ते याच घराण्यातले. हे दोघे गेले मालमोच्या जहाजबांधणीच्या गोदीत. तिथे धातूतली चीर शोधायला आवाजाचं यंत्र वापरत. मालमो म्हटलं की मला ते आपलं शेजारचं गाव वाटतं. मालवण, मालमो. बंदर दोन्हीकडे, होड्या दोन्हीकडे, सोलकढी फक्त इकडे. 29 ऑक्टोबर 1953 ला त्यांनी हलत्या हृदयाचा पहिला प्रतिध्वनी नोंदवला. चित्र नव्हे, नुसत्या वरखाली होणाऱ्या रेघा.

त्यात एक रेघ फार वेगाने हलत होती. एडलरना आधी वाटलं, ती डाव्या वरच्या कप्प्याची भिंत. म्हणजे ज्याने ही विद्या काढली, त्यालाही तळ कुठला आणि मासा कुठला ते कळलं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांची नोंद घेतली आणि प्रोब टेकवला होता तिथे छातीवर खूण केली. मृत्यूनंतर त्याच जागी, त्याच दिशेने बर्फ फोडायचा टोचा आत घातला आणि शवविच्छेदनात टोक कुठे पोचलं ते पाहिलं. टोक पोचलं होतं मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीवर. ती वेगाने हलणारी रेघ झडपेची होती. यंत्र तेच, रेघ तीच, नाव चुकलेलं.

पुढच्या वेळी तांडेल आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो इतकंच म्हणाला, “म्हंजे तेनी शिसां सोडल्यान तर!”

तांडेलाची झडप बरीच आवळलेली निघाली. आवळलेल्या फटीतून रक्त सेकंदाला चार मीटरपेक्षा जास्त वेगाने उसळत होतं. या वेगाचा वर्ग करा, चारने गुणा, चार मीटरला दाबाचा फरक 64 येतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. तो गंभीर. मुंबईला पाठवलं, धातूची झडप बसली, महाशय परत आले. आता पुढचं ऐका. वर्षभराने तो कुठल्याशा एका सेंटरमधून नवा इको करून रिपोर्ट घेऊन आला. नाव सांगत नाही, जिल्हाही सांगत नाही. समोर बसलाय आणि त्याच्या छातीतली टिकटिक मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येतेय. भिंतीवरचं घड्याळ असावं तशी. आणि रिपोर्टात छापलंय: महाधमनीची झडप, नॉर्मल. कुणीतरी जुना साचा उघडला, नाव बदललं, वय बदललं, खाली सही केली. त्या माणसाने पेशंटच्या छातीला हात लावला असता, शर्ट वर केल्यावर मधला लांब व्रण बघितला असता, तरी पुरे होतं. मी रागाने लाल झालो. तांडेल शांत. म्हणाला, “मशिनीन तळ चुकल्यान.” मी म्हटलं, नाही रे बाबा, मशीन बरोबर होतं.

(मंचावर चिठ्ठी.) दहा मिनिटं. म्हणजे विषयाला आता सुरुवात करतो.

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आमच्या वेळी इथला मुलगा शिकायला मुंबईला जायचा आणि इथला पेशंट मरायला. आता दोघं एका छताखाली भेटतायत, ही संधी आहे. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमही बदलला. विद्यार्थ्याला नुसतं माहीत असून चालत नाही, करून दाखवायचं असतं. छान. मग माझी मागणी साधी आहे. प्रोब हातात घेण्याआधी विद्यार्थ्याने नाडी बघावी, मानेची शीर बघावी, ठोका शोधावा, नळीने ऐकावं आणि आपलं मत शाईने लिहून द्यावं. पेन्सिलीने नाही, कारण पेन्सिल खोडता येते. मग इको. चुकलं तर चुकलं. चुकीचं लिहिलेलं शेजारी असल्याशिवाय पडद्यावरचं डोक्यात बसत नाही. कुशीवर वळवायचं काम दोन्हीकडे एकच आहे, नळीलाही आणि प्रोबलाही. वेळ जातो म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी लक्षात घ्यावं.

दुसरं, सुरुवात निरोगी हृदयांवर. आपल्याकडे मुलांना पहिल्याच दिवशी दुर्मिळ केस दाखवायची हौस. नॉर्मल झडप शंभरदा बघितली नसेल तर बिघडलेली ओळखणार कशी? वसतिगृहात मुलं पडली आहेत, एकमेकांवर शिका. बरगडी आवाज अडवते, हवेने भरलेलं फुप्फुस अडवतं. फट शोधायला हाताला महिने लागतात, आणि ते व्याख्यानाने येत नाही. हे व्याख्यान धरून.

तिसरं, मोजणी. अमेरिकेत हृदयविकारतज्ज्ञ होणाऱ्याला स्वतंत्रपणे इको वाचायची पातळी गाठायला स्वतः केलेले 150 आणि वाचलेले 300 अशी किमान अट आहे. ब्रिटनमध्ये इकोच्या मान्यतेसाठी 250 तपासण्यांची वही द्यावी लागते, आणि तिथे हे काम करणारे बरेचसे डॉक्टर नसून त्याच कामासाठी पदवी घेतलेले लोक असतात. आपल्याकडे 2021 मध्ये अशा व्यवसायांसाठी कायदा आला. तेव्हा तंत्रज्ञ कमी दर्जाचा हा समज सोडा. पण वहीत शेवटचा एक रकाना हवा: शस्त्रक्रियेत काय सापडलं? मुंबईला, कोल्हापूरला, गोव्यात बांबोळीला पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय निघालं, ते इथल्या मुलाच्या वहीत परत आलं पाहिजे. तेवढंच आपलं शिसं. आज पेशंट जातो आणि त्याच्याबरोबर उत्तरही जातं.

चौथं होतं, लहान मुलांच्या घशाच्या दुखण्यातून होणाऱ्या झडपेच्या आजाराबद्दल आणि दर तीन-चार आठवड्यांच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाबद्दल. ते राहिलं. पखवाज आत आलाय आणि गणपती रंगमंचामागे उभा आहे, त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही.

ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आलेली चार मुलं मागे उभी आहेत. त्यांनी उद्या सकाळी नऊला माझ्याकडे यावं. तांडेल येणार आहे, तो शेवटच्या रांगेत बसून माझ्या मालवणीवर हसतोय. आधी त्याला डाव्या कुशीवर वळवा, ऐका आणि लिहा. कागद माझ्याकडे द्या. यंत्र नंतर चालू करू.